कमी खर्चातला गुन्हेगारीपट: बडोद्यातील विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

बडोद्यात नाट्य, चित्रकला, अभियांत्रिकी किंवा वाणिज्य शिकणारे पाच-सहा विद्यार्थी एकत्र येऊन पंधरा-वीस मिनिटांचा गुन्हेगारीपट करायचे ठरवतात, तेव्हा त्यांच्याजवळ बहुधा एक बरा मोबाइल, कुणाच्या तरी आजोळचा जुना वाडा आणि सुट्टीतले काही दिवस एवढेच असते. एवढ्यावर चांगला चित्रपट होऊ शकतो, परंतु त्यासाठी एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करावी लागते: जे आपल्याला नीट दाखवता येणार नाही ते चित्रीकरणाच्या दिवशी कसेबसे उरकू नये, पटकथेतूनच काढून टाकावे. पाठलाग, गोळीबार आणि जळणाऱ्या गाड्या यांना पैसा लागतो. गुन्ह्याचा माग काढणारे एखादे साधे माणूस, त्याच्या नजरेस पडलेली एक क्षुल्लक वस्तू आणि त्या वस्तूमुळे घरात बदललेले वातावरण यांना फारसा खर्च लागत नाही, आणि प्रेक्षक खिळून राहतो तो याच गोष्टींमुळे.

पहिली पायरी: परवडणारा गुन्हा निवडा

कथा सुचण्याआधी आपल्याजवळ काय आहे याची यादी करा. कोणते घर, कोणती गच्ची, कोणते दुकान, कोणते वाहन आणि कोणत्या वयाची माणसे मिळू शकतात, हे कागदावर आले की गुन्हा आपोआप त्यातून निघतो. रावपुरा, दांडिया बाजार किंवा बाबाजीपुरा येथील मराठी वाडा हाताशी असेल, तर खुनापेक्षा वाटणीचा वाद अधिक उपयोगी पडेल; चार वारस, दोन भाडेकरू आणि एक कुलूपबंद खोली असलेले घर रहस्याला पुरेसे असते.

उदाहरण म्हणून खोट्या मृत्युपत्राची कथा घेऊ. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि मृत्युपत्र नोंदवणे बंधनकारक नसते. म्हणजे घरातल्या टेबलावर, दोन परिचितांच्या समोर केलेला कागदही वैध ठरू शकतो, आणि तसा कागद नंतर बनवण्याचा मोह एखाद्या पुतण्याला होऊ शकतो. आता समजा, मृत्युपत्रावरच्या तारखेला काकूंनी घरी बसून सही केली असे पुतण्या सांगतो. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मात्र त्याच आठवड्यात दुधाचा सलग खाडा मांडलेला आहे, कारण घर बंद होते. भिंतीवरची दिनदर्शिका सर्वांना पहिल्या प्रसंगापासून दिसत असते, आणि शेवटी तिचा अर्थ एकाच माणसाला लागतो. या दुव्याला पैसा लागत नाही आणि तो मराठी घरातला आहे. असा एक पक्का दुवा सापडेपर्यंत पटकथा लिहायला बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पटकथेचे एक पान साधारण एका मिनिटाचे होते. नवख्या चमूने दिवसाला तीन ते चार पानांपेक्षा अधिक चित्रीकरणाची अपेक्षा ठेवू नये, म्हणून पंधरा पानांच्या पटकथेला चार-पाच दिवस लागतील असे धरावे. पात्रे पाच-सहा आणि जागा तीन यांच्या पलीकडे जाऊ नये.

दुसरी पायरी: कायदा वाचा, कारण नाट्य तिथेच आहे

विद्यार्थ्यांचे गुन्हेगारीपट सर्वांत अधिक फसतात ते पोलिसांच्या प्रसंगांत. पडद्यावर पाहिलेले पोलीस पुन्हा पडद्यावर उतरवले जातात: टांगलेला दिवा, टेबलावर आपटलेला हात आणि अखेरीस आरोपीचा कबुलीजबाब, की चित्रपट संपला. प्रत्यक्षात पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २३ मध्येही हा जुना नियम कायम ठेवलेला आहे. त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला माहितीचा भाग पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. त्यामुळे आरोपी, दोन पोलीस आणि दोन पंच वाड्याच्या मागच्या अंगणात जातात, आरोपी एका तुळशीवृंदावनाकडे बोट दाखवतो आणि खाली पुरलेला डबा निघतो, हा प्रसंग कायद्याच्या दृष्टीने कबुलीपेक्षा कितीतरी वजनदार आहे, आणि दृश्य म्हणूनही.

पंच ही तर कमी खर्चाच्या चित्रपटासाठी मिळालेली देणगीच आहे. पोलीस पंचनाम्यासाठी त्याच परिसरातल्या सामान्य माणसांना बोलावतात. शेजारचे निवृत्त शिक्षक किंवा समोरच्या किराणा दुकानाचे मालक अचानक गुन्ह्याच्या जागी उभे राहतात, त्यांना वस्तू दाखवल्या जातात, सही करायला सांगितले जाते आणि पुढे साक्ष द्यावी लागेल या विचाराने त्यांची झोप उडते. पोलीस अधिकाऱ्याऐवजी अशा पंचाच्या नजरेतून कथा सांगितली, तर ठाणे, गणवेश आणि जीप या तिन्ही खर्चिक गोष्टी जवळपास टळतात.

काही तपशील लिहिताना हाताशी ठेवावेत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. त्यानंतर घडलेल्या खुनाला कलम १०३ लागते. आजच्या काळातल्या कथेत अधिकाऱ्याच्या तोंडी ‘तीनशे दोन’ घालणे चूक आहे, कारण नव्या संहितेत त्या क्रमांकाचे कलम धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांविषयी आहे. कथा २०२० मधली असेल, तर मात्र जुना क्रमांकच बरोबर. अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही, आणि तशी परिस्थिती असली तरी महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, आणि झडती व जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण करणेही आता अपेक्षित आहे. हे चित्रण तुमच्या पटकथेत एक स्वतंत्र दृश्यप्रवाह म्हणून वापरता येते, कारण ते मोबाइलवरच केलेले दिसले तरी खटकत नाही.

प्रदेशाचे भानही ठेवावे. महाराष्ट्रातल्या कथांमधून उचललेला ‘तहसीलदार’ बडोद्यात चालत नाही. येथे मामलतदार असतो, आणि वाड्याच्या कागदांसाठी माणसे सिटी सर्वेच्या कचेरीत जातात. पटकथा पूर्ण झाली की एखाद्या वकिलांना ती वाचायला द्या. बडोद्याच्या मराठी कुटुंबांत वकील मिळणे अवघड नाही, आणि एका तासाच्या चर्चेतून दोन नवे प्रसंगही हाती लागतात.

तिसरी पायरी: संवादांची भाषा ठरवा

बडोद्यातले मराठी पात्र घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती आणि बाहेरगावच्या माणसाशी हिंदी बोलते. हा बदल गुन्ह्याच्या कथेत फार उपयोगी आहे, कारण कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो यावरून नाते कळते आणि खोटेही उघड होते. आपण भाडेकरूला ओळखतच नाही असे सांगणारा पुतण्या त्याच्याशी सवयीने गुजरातीत ‘तू’ म्हणून बोलला, तर प्रेक्षकाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. घरातल्या बोलण्यात गुजराती शब्द सहज मिसळू द्यावेत. गुजराती वाक्ये मात्र गुजराती मित्राकडून तपासून घ्यावीत आणि उपशीर्षके मराठीत द्यावीत.

कलाकार निवडताना शहरातल्या हौशी मराठी रंगभूमीकडे आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नाट्यविभागाकडे आधी पाहावे. रंगमंचावरच्या कलाकारांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय असते, म्हणून त्यांच्या तालमी प्रत्यक्ष खोलीत आणि कॅमेरा लावूनच घ्याव्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आवाज आपोआप खाली येतो. ज्येष्ठ कलाकारांना मानधन देता आले नाही, तरी येण्याजाण्याची सोय, वेळेवर जेवण आणि बसायला सावलीची जागा एवढे दिलेच पाहिजे.

चौथी पायरी: जागा आणि परवानग्या

खासगी घरासाठी मालकांचे साधे लेखी संमतिपत्र घ्या: तारखा, वेळ, कोणत्या खोल्या वापरणार, आणि नुकसान झाल्यास भरपाई कोण करणार. वाड्याला अनेक वारस असतील तर एकाच्या संमतीवर विसंबू नये. शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सांगावे, विशेषतः रात्री आरडाओरडा किंवा भांडणाचा प्रसंग असेल तेव्हा. रस्त्यावरच्या चित्रीकरणासाठी महापालिकेची आणि बडोदा शहर पोलीस आयुक्तालयाची परवानगी काढावी, आणि त्याशिवाय जवळच्या पोलीस ठाण्यात पटकथेचा सारांश, चमूची नावे व तारखा असलेले पत्र देऊन त्याची पोच घ्यावी. गुन्ह्याचा देखावा उभा करणाऱ्यांसाठी ही पोच कॅमेऱ्याइतकीच आवश्यक वस्तू आहे.

दादासाहेब फाळके ज्या कलाभवनात शिकले तेथे आज विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे. तिथे किंवा विद्यापीठाच्या अन्य इमारतींत चित्रीकरणासाठी संबंधित अधिष्ठात्यांकडे लेखी अर्ज करावा. भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला तांबेकर वाडा आणि चांपानेरची वास्तू या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, लक्ष्मीविलास राजवाडा ही खासगी मालमत्ता आहे आणि रेल्वे स्थानकासाठी रेल्वेची वेगळी परवानगी लागते. पहिल्या चित्रपटात या चारही जागांचा मोह टाळावा. मांडवी, सुरसागर किंवा न्यायमंदिराची जुनी इमारत यांची बाहेरून घेतलेली दोन-तीन दृश्ये शहर ओळखू यायला पुरेशी होतात.

विश्वामित्री नदीविषयी मात्र ठामपणे सांगायला हवे. प्रेत किंवा शस्त्र नदीत टाकण्याची कल्पना बडोद्याच्या प्रत्येक लेखकाला सुचते, कारण नदी शहराच्या मधून जाते आणि तिच्यात मगरी आहेत. कथेत त्या अवश्य याव्यात. चमूने मात्र कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी काठावर उतरू नये. नदी पुलावरून घ्यावी आणि पाण्याजवळचे जवळून घ्यायचे चित्र एखाद्या घराच्या हौदाशी घ्यावे. संकलनात दोन्ही जोडले की पुरते.

पाचवी पायरी: वस्तू, गणवेश, शस्त्र आणि रक्त

लोकसेवक असल्याचे भासवण्याच्या हेतूने पोलिसांचा गणवेश घालणे हा गुन्हा आहे. चित्रपटातल्या भूमिकेत तो हेतू नसतो, पण रस्त्यावरच्या माणसाला ते कळत नाही. म्हणून गणवेश जागेवरच घालावा, दृश्य संपताच उतरवावा आणि त्यात चहा प्यायला बाहेर जाऊ नये. खेळण्यातल्या पिस्तुलालाही हेच लागू आहे: ते एका जबाबदार व्यक्तीच्या पिशवीत राहावे, दृश्याच्या वेळीच बाहेर यावे आणि कोणाच्याही चेहऱ्याजवळ धरले जाऊ नये. फटाके किंवा बार वापरू नयेत. गोळीचा आवाज शेजारच्या खोलीतून ऐकू आला आणि कॅमेरा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर राहिला, तर परिणाम अधिक होतो. सुऱ्यासाठी धार पूर्ण घासलेले किंवा पुठ्ठ्याचे पाते वापरावे.

गुजरातमध्ये दारूबंदी असल्याने मद्याची खरी बाटली, रिकामी असली तरी, चित्रीकरणाच्या जागी आणू नये. सरबताच्या काचेच्या बाटलीला स्वतः काढलेले कल्पित नावाचे लेबल लावावे आणि आत पाणी घातलेला कोरा चहा भरावा. नोटांच्या गड्ड्यांसाठी नोटेसारखे कागद छापणे हाही गुन्हा आहे. वर-खाली एकेक खरी नोट आणि मध्ये कोरे कागद ठेवून गड्डी बांधावी. मुद्रांक, आधारपत्र, वाहनाचा क्रमांक आणि मोबाइल क्रमांक कोणाचेही खरे दिसू देऊ नयेत.

रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग, चिमूटभर कोको पावडर आणि दाटपणासाठी थोडे कॉर्नफ्लोअर पुरते. नुसता लाल रंग कॅमेऱ्यात गुलाबी दिसतो, कोकोमुळे तो खाली बसतो. हे मिश्रण कपड्यावर, फरशीवर आणि त्वचेवर आधी लावून पाहावे, रक्त लागणाऱ्या कपड्यांचे किमान दोन जोड ठेवावेत, आणि काम संपताच फरशी गरम पाण्याने पुसावी, कारण जुन्या वाड्यात अर्ध्या तासात मुंग्या जमतात.

सहावी पायरी: कॅमेरा आणि उजेड

मोबाइलमध्ये स्वयंचलित व्यवस्था बंद करता येईल असे ॲप घ्या. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि शटर १/५० सेकंद ठेवल्यास भारतातल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या ट्यूबलाइट सहसा लुकलुकताना दिसत नाहीत. उजेडाचा रंग (व्हाइट बॅलन्स) प्रत्येक प्रसंगात एकदाच ठरवून कुलूपबंद करावा. काही स्वस्त एलईडी दिवे तरीही लुकलुकतात. ते आधीच तपासून बदलावेत.

रहस्यासाठी सगळीकडे अंधार करण्याची गरज नसते. वाड्याच्या चौकात वरून पडणारा दुपारचा उजेड आणि सोप्यातली सावली यांचा फरक इतका तीव्र असतो, की पात्र एका पावलात उजेडातून अंधारात जाते. रात्रीच्या प्रसंगात पात्राजवळ दिसणारा एक दिवा ठेवावा, मग तो देवघरातला असो वा टेबलावरचा, आणि बाकी भाग काळा राहू द्यावा. आकाश दिसणारी संध्याकाळची दृश्ये सूर्यास्तानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांतच घ्यावी लागतात, म्हणून त्यांची तालीम आधी पूर्ण असावी. चौकशीच्या संभाषणात दोन माणसांमधली काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडू नये, नाहीतर दोघे एकाच दिशेला पाहत असल्याचा भास होतो.

सातवी पायरी: आवाजावर खर्च करा

पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येत असतील, तर ते आवाजावर करावेत. थोडे दाणेदार चित्र प्रेक्षक सहन करतो, परंतु न समजलेला संवाद गुन्ह्याच्या कथेत थेट कथानकच तोडतो. दोन कॉलर माइक आणि काठीला बांधलेला एक दिशादर्शी माइक भाड्याने घ्यावा. माइक बोलणाऱ्याच्या जितका जवळ तितका आवाज स्वच्छ, आणि यासाठी चौकट थोडी घट्ट करावी लागली तरी करावी. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. कॅमेऱ्यामागे गोधड्या आणि गाद्या टांगल्या की तो बराच बसतो. पंखा आणि फ्रिज बंद ठेवावे लागतात, म्हणून बडोद्याच्या एप्रिल-मे महिन्यांत घरातले चित्रीकरण ठेवू नये.

दिनदर्शिका पाहूनच तारखा ठरवा. नवरात्रात गरब्याचा आवाज दूरवर पोहोचतो. उत्तरायणाच्या आधीपासून आकाशात पतंग असतात. एका दृश्यात पतंग आणि पुढच्याच दृश्यात मोकळे आकाश आले, तर प्रसंगाची सलगता तुटते. लग्नसराईतल्या वरघोड्यांचीही (वाजतगाजत जाणाऱ्या वरातींची) चौकशी करून ठेवावी.

प्रत्येक जागेवर कोणीही न बोलता एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज मुद्रित करावा. संकलनात संवादांमधल्या फटी त्यानेच भरल्या जातात. चित्र आणि आवाज वेगळे घेत असाल तर प्रत्येक वेळी कॅमेऱ्यासमोर टाळी द्यावी, म्हणजे संकलनात दोन्ही जुळवता येतात. कडी, कुलूप, जिना, दूधवाल्याची हाक, कागदाची घडी असे आवाज वेगळे घेऊन ठेवावेत, कारण तुमच्या कथेत हेच दुवे आहेत.

आठवी पायरी: चित्रीकरणाचे दिवस

एका व्यक्तीने फक्त सलगता पाहावी: कोणत्या हातात पेला होता, दिनदर्शिकेचे कोणते पान उघडे होते, जखम डावीकडे होती की उजवीकडे. प्रत्येक दृश्यानंतर छायाचित्र काढावे. हे काम दिग्दर्शकाने स्वतःकडे ठेवू नये. रोज संध्याकाळी सर्व फाइली दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून, त्या उघडून पाहूनच कार्ड पुसावे, आणि दोन्ही डिस्क एकाच घरी ठेवू नयेत. एकूण रकमेचा दहावा भाग अडीअडचणीसाठी वेगळा काढावा. उरलेल्यात जेवण, प्रवास आणि माइक यांना प्राधान्य द्यावे. रात्री उशीर झाला तर प्रत्येकजण, विशेषतः मुली, घरी सुखरूप पोहोचल्याची खात्री निर्मितीची जबाबदारी घेणाऱ्याने करावी.

नववी पायरी: संकलन आणि प्रदर्शन

पहिला कच्चा जोड झाल्यावर पटकथा न वाचलेल्या तिघांना तो दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: कोणावर संशय कधी आला? सर्वांना गुन्हेगार पाचव्या मिनिटालाच कळला तर दुव्यावर कॅमेरा फार वेळ थांबला आहे. शेवटीही कोणालाच दिनदर्शिका आठवली नाही तर ती पुरेशी दिसलेली नाही. अशा वेळी नवे चित्रीकरण न करता दृश्यांची लांबी बदलूनच बहुतेकदा काम होते. पार्श्वसंगीत कमी ठेवावे, आणि मागे वाजणारे जुने गाणेही परवानगीशिवाय वापरू नये. गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे. ओळखीच्या तबला किंवा सारंगी वादकाकडून काही मिनिटांचे नवे संगीत मुद्रित करून त्याचे संमतिपत्र घ्यावे.

चित्रपटगृहात सार्वजनिक प्रदर्शन करायचे असेल तर चलच्चित्र अधिनियम, १९५२ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ वर्गात सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन टप्पे झाले आहेत. चित्रपट महोत्सवांकडे पाठवताना प्रत्येकाचे नियम वेगळे वाचावेत, कारण काही महोत्सव आधी इंटरनेटवर टाकलेला चित्रपट स्वीकारत नाहीत. म्हणून तो सर्वांसाठी खुला करण्याची घाई करू नये. पाठवण्यापूर्वी कलाकारांची संमतिपत्रे, जागामालकांची पत्रे, पोलीस ठाण्याची पोच, संगीताची संमती आणि चित्रपटाचे हक्क चमूतील कोणाकडे किती राहतील याचा सर्वांच्या सह्यांचा कागद, एवढे एका फाइलीत लावून तिची प्रत प्रत्येक सदस्याला द्यावी.